उलट्या हाताचा साक्षीदार

राजवैद्य धुंडिराजशास्त्रींनी सुबाना कुंभाराचा मोडलेला हात बांधला. हात जुळला खरा, पण उलटा! तळवा कायमचा आभाळाकडे. बिचारा देवळाबाहेर उभा राहिला की लोक हातावर खडीसाखर ठेवून जात. चाकावर मडकं काही धरता येईना.

त्याची मुलगी तुळसा तडक दरबारात गेली.

"महाराज, शास्त्रीबुवांनी माझ्या आबाचा हात बिघडवला!"

"मी? आणि बिघडवला?" शास्त्री आसनावरून उसळले. "पथ्य पाळलं नसेल कुंभारानं!"

राजा मार्तंडसिंह हट्टी होता. तो म्हणाला, "पोरी, मला राज्य कळतं, हाडं कळत नाहीत. वैद्याची चूक वैद्यानंच सांगायला हवी. उपचार चुकला असं म्हणणारा एक तरी वैद्य पौर्णिमेपर्यंत घेऊन ये. नाहीतर राजवैद्यांची बदनामी केलीस म्हणून बापलेकींनी गाव सोडायचं!"

शास्त्री मिशीत हसले. त्यांच्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती होती?

तुळसा वैद्यांचे उंबरे झिजवत फिरली. एकाला तिचं बोलणं ऐकताऐकताच बहिरेपण आलं. दुसरा म्हणाला, "हात उत्तमच आहे, बाकीचं अंग तेवढं उलटं आहे!" तिसरा तर दाराआडून ओरडला, "वैद्यबुवा वारले!" आवाज वैद्यबुवांचाच होता.

तुळसा रडकुंडीला आली. पण वाटेत एकदम थबकली आणि स्वतःशीच खुदकन हसली.

पौर्णिमेला दरबार भरला.

"कुठाय तुझा वैद्य?" राजानं विचारलं.

"हजर होतोच आहे, महाराज. तोवर एक रोगी दाखवू का? फार लाजाळू आहे हो, पडद्याआडून नुसता हात दाखवील. लोक म्हणतात, त्याचा हात कुणा घोड्याच्या वैद्यानं बांधला. शास्त्रीबुवांसारख्या जाणत्यानं एकदा पाहावा, एवढीच आशा आहे."

जाणता म्हटल्यावर शास्त्री फुलले. पडद्यातून एक हात बाहेर आला. त्यांनी तो दाबला, फिरवून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा! हाड जागेवर बसायच्या आधीच पट्टी आवळली आहे! आणि बांधल्यावर त्या गाढवानं एकदाही उघडून पाहिलेलं नाही!"

"म्हणजे दोष रोग्याचा नाही?" तुळसानं भोळेपणानं विचारलं.

"छे! रोगी काय करणार? सगळा दोष बांधणाऱ्याचा!"

"नक्की ना, शास्त्रीबुवा?" राजा पुढे वाकला.

"गुरूची शपथ घेऊन सांगतो, महाराज!"

तुळसानं पडदा ओढला.

"रामराम, शास्त्रीबुवा," सुबाना म्हणाला. "बांधून गेलात ते आज भेटताय!"

दरबारात खसखस पिकली. शास्त्री पांढरेफटक पडले. "अं... उजेड कमी होता! आता नीट पाहतो तर बांधणी झकास आहे की!"

"झकास ना?" तुळसा पट्टी घेऊन पुढे झाली. "मग आणा तुमचाही हात. अगदी अश्शीच बांधते!"

शास्त्रींनी दोन्ही हात झटकन उपरण्यात लपवले!

राजाला हसू आवरेना, तरी आवाज चढवून तो म्हणाला, "पण पोरी, घोड्याचा वैद्य म्हणून तू दरबाराला फसवलंस!"

"मी कुठं म्हटलं, महाराज? लोक म्हणतात! कुंभारवाड्यात विचारून बघा."

"बरं. पण मी राजवैद्यांविरुद्ध बोलणारा वैद्य मागितला होता, आणि तू आणलेस खुद्द राजवैद्य?"

"दुसरं कुणाला आणणार, महाराज? राज्यातले सगळे वैद्य शास्त्रीबुवांना घाबरतात. न घाबरणारा एकच होता, ते स्वतः!"

राजा असा खदखदून हसला की फेटा सुटून मांडीवर आला. त्यानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तुळसाला दिला. सुबानासाठी परमुलखातून नामांकित हाडवैद्य बोलावला. आणि हात सरळ होईपर्यंत कुंभारवाड्यात रोज चिखल तुडवायचं काम कुणाकडे गेलं? धुंडिराजशास्त्रींकडे!