भंगारातलं हँडल

मोटारींच्या काचा हाताने फिरवून खाली करायच्या, त्या काळातली गोष्ट. रज्जाक मिस्त्रींनी एका जुन्या मोटारीला नवी सीट बसवली आणि काचेचं झिजलेलं हँडल काढून भंगारातलं दुसरं लावलं.

"शी! भंगारातलं, आणि माझ्या शेजारी?" सीट फणकारली.

पुढे घाटात समोर मेंढरं आली. मोटार थांबली, पण मागचा दिवा पेटेना आणि मागून ट्रक सुसाट येत होता. ड्रायव्हरने हँडल धरलं.

"फिर बाबा, फिर!" सीट किंचाळली.

हँडल गर्रकन फिरलं, काच खाली गेली, थांबायची खूण करत ड्रायव्हरचा हात बाहेर आला. ट्रक करकचून थांबला!

महिन्याभराने मोटारीतला आरसा निखळला. मिस्त्री काही बोलायच्या आत सीटच ओरडली, "भंगारातलाच आणा हो!"