ऐनाखालची घोंगडी

एकदा एका डोंगरवस्तीत एक वृद्ध शिकारी राहत असे, आणि त्याच्याकडे रानाची विद्या शिकायला लांबून आलेला एक तरुण शिष्य होता. होळी आटोपली की सारी वस्ती मिळून रानकोंबड्यांच्या शिकारीला निघे. वर्षातला तो एकच दिवस. पण त्या दिवसाची खरी तयारी आधीच होई, कारण कुणीतरी एकट्याने पुढे जाऊन रान हेरून यावे लागे. कोंबडे रात्री कोणत्या झाडावर बसतात, पहाटे कोणत्या अंगाने खाली उतरतात, पाचोळा कुठे उकरतात, धुळीत कुठे लोळतात, हे सगळे पाहून यायचे आणि म्होरक्याला सांगायचे. म्होरक्या अर्थातच तो वृद्ध होता. पण आता त्याचे गुडघे चढाला साथ देत नव्हते.

"यंदा रान तू हेर," तो शिष्याला म्हणाला. "काम नीट झालं, तर शिकारीच्या दिवशी हाकही तूच दे."

हाक म्हणजे ओंजळ तोंडाशी धरून काढलेला रानकोंबडीचा मऊ आवाज. तो ऐकून कोंबडा आपल्या पायांनी चालत येतो. हाक देईल तो पुढचा म्होरक्या, अशी वस्तीची रीत होती. शिष्याला तो मान हवा होता, अगदी मनापासून हवा होता. इतकी वर्षे राहूनही वस्ती त्याला 'बाहेरचा' म्हणत असे, आणि ते त्याला फार लागत असे.

"दोन गोष्टी मात्र पाळ," वृद्ध म्हणाला. "हंगामाआधी हाक द्यायची नाही. आणि एका जागी पुन्हा बसायचं नाही."

"का, बाबा?"

"नाही म्हणजे नाही."

आता आपल्याला ठाऊक आहे की कारण न सांगता घातलेली बंदी तरुणाला पचत नाही. मग तो स्वतःच कारण शोधतो, आणि शोधलेले कारण नेहमी आपल्या सोयीचे असते! शिष्याने ठरवले, हाक दिली तर पाखरे माणसाचा कावा ओळखतात, म्हणून ही बंदी असणार. पण माझी हाक तर हुबेहूब आहे. कच्च्या गळ्यासाठी केलेला नियम मी कशाला पाळायचा?

पहिल्या पहाटे तो दरीच्या वरच्या अंगाला ऐनाच्या एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी घोंगडी पांघरून बसला. उजाडता उजाडता चहूबाजूंनी कोंबडे आरवले. त्याला राहवले नाही. त्याने ओंजळ तोंडाशी नेली आणि एकच हाक दिली, अगदी हलकी. लगेच उत्तर आले. त्या उत्तराचे सुख असे की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच ऐनाखाली जाऊन बसला, आणि मग रोजच जाऊ लागला.

हळूहळू उत्तरे कमी झाली. मग एक दिवस दरी अगदीच गप्प झाली. पान हलत नव्हते की पाखरू बोलत नव्हते. तरीही शिष्य खूश होता, कारण कोंबडा हाकेकडे चालत निघाला की आरवणे थांबवतो, हे त्याला शिकवलेले होते. दरीतले सगळे कोंबडे दबक्या पावलांनी आपल्याकडेच येत आहेत, अशी त्याची समजूत झाली. पाठीमागच्या गवतात कधी कधी काही सरसरे. त्या वेळी त्याच्या मानेवर काटा उभा राही आणि तो मनाशी म्हणे, आला! पण वळून पाहिले तर कोंबडा पळेल, म्हणून तो वळत नसे.

सण तोंडावर आला तेव्हा त्याने वृद्धाला सगळे सांगितले. हाकेची गोष्ट लपवायची असे ठरवून गेला होता. पण कौतुकाची भूक वाईट. तेही सांगून बसला.

वृद्ध रागावला नाही. त्याने फक्त विचारले, "वानरं काय करत होती?"

"एक वानर रोज खेकसायचं, बाबा. समोरच्या झाडावरून, माझ्याकडे बघून."

"तुझ्याकडे बघून, की तुझ्या मागे बघून?"

शिष्याने डोळे मिटून ते झाड आठवून पाहिले. त्याला आठवेना.

"तुझी घोंगडी दे," वृद्ध म्हणाला.

भर दुपारी दोन-चार जाणत्यांना बरोबर घेऊन, काठी टेकत टेकत, तो स्वतः त्या ऐनापर्यंत गेला. घोंगडीत त्याने सुके गवत भरले, वर बांधून डोके केले आणि शिष्य बसे तसे ते बुजगावणे बुंध्याशी बसवले. शिष्य नुसता पाहत राहिला. वयामुळे म्हाताऱ्याचे डोके फिरले की काय, असेही त्याच्या मनात येऊन गेले. ती घोंगडी त्याच्या आईने विणलेली होती.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत दोघे ऐनाच्या मागच्या अंगाला उंच कड्यावर जाऊन पालथे पडले. "आज हाक नाही," वृद्ध कुजबुजला. "आज फक्त बघायचं."

उजेड दरीत संथपणे उतरला. समोर ऐन दिसू लागला, मग त्याच्याखालची आकृती दिसू लागली. शिष्य स्वतःकडेच पाठीमागून पाहत होता. तीच खांद्यांची ठेवण, तीच जरा पुढे झुकलेली मान. आपण इतके उघडे, इतके एकटे दिसतो, हे त्याला कधी सुचलेच नव्हते. घोंगडीच्या मागे हातभर अंतरावर एक पिवळट दगड होता. बाकी दरीत काहीच नव्हते, आवाजसुद्धा नव्हता.

"कुणी नाही, बाबा," शिष्य म्हणाला.

वृद्धाने त्याचा दंड घट्ट धरला. समोरच्या झाडावरून वानर खेकसले.

आणि त्या दगडाचा कान हलला.

बिबट्या पुढचे पाय जुळवून बसला होता. त्याच्या बुडाखालचे गवत झिजून माती उघडी पडली होती. तो गुरगुरत नव्हता, की शेपटी आपटत नव्हता. प्रवचनाला येऊन बसलेल्या श्रोत्यासारखा तो शांत होता. बऱ्याच वेळाने त्याने मान लांब केली आणि घोंगडीतून जिथे माणसाची मान निघते, तिथे सावकाश हुंगले. मग पुन्हा आपल्या जागी बसला. शेंड्यांना ऊन लागले तसा तो उठला आणि गवतात शिरला. त्याच क्षणी दरीत कुठेतरी पहिला कोंबडा आरवला.

वृद्ध शिष्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"आज तर कुणी हाकही दिली नाही," शिष्य शेवटी म्हणाला. "तरी तो आला."

"पहिल्या दिवशी तो कोंबडीच्या हाकेवर आला असेल. कोंबडीच्या जागी त्याला तू दिसलास. दुसऱ्या दिवशीही दिसलास, त्याच जागी, त्याच वेळी. आता त्याला हाकेची गरज उरली नाही."

"मग त्याने मला धरलं का नाही? मी रोज होतो. हाताच्या अंतरावर होतो!"

वृद्धाने ऐनाकडे बोट केले.

"तू तरी कोंबडे कुठे धरत होतास?" तो म्हणाला. "कोण कुठे बसतं, कुठून येतं, कधी मान खाली घालतं, हे तू बघत होतास. तोही तेच बघत होता. तुमच्यात फरक इतकाच की त्याने एकदाही हाक दिली नाही. पोरा, ज्याला दुसऱ्याला हेरायचं असतं, त्याला आपली विद्या दाखवण्याची हौस परवडत नाही. तू दाखवलीस, आणि कोंबड्यांबरोबर दुसऱ्या कुणीतरीही ती ऐकली. तुझा हंगाम होळीनंतर लागतो. त्याचा अजून लागला नव्हता."

"हे आधीच का नाही सांगितलंत?"

"कारण सांगितलं असतं, तर ते खरं आहे का हे बघायला तू गेला असतास."

शिष्याने घोंगडी आणायची गोष्ट काढली, तेव्हा वृद्धाने मान हलवली. "राहू दे तिथेच. त्याचं शिकणं अजून संपलेलं नाही."

त्या वर्षी वस्तीने ती दरी सोडली आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाला शिकार केली. सगळे दबा धरून बसले, तेव्हा वृद्धाने शिष्याला खूण केली. शिष्याने ओंजळ तोंडाशी नेली, पण हाक दिली नाही. त्याने हात खाली घेतले, सावकाश मागे वळून गवत न गवत पाहिले, आणि मगच हाक दिली. वृद्धाच्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्या वर्षापासून म्होरक्या हाच, असे त्याने तिथल्या तिथे सांगून टाकले.

शिकार झाल्यावर भर उन्हात सगळी माणसे मिळून, आरडाओरडा करत, ऐनाखालची घोंगडी आणायला गेली. बुजगावणे आडवे पडले होते. घोंगडी सगळी धड होती. मानेपाशी तेवढी फाटली होती.

शिष्याने ती घरी आणली. लग्न झाल्यावर बायको ती शिवायला बसली, तर त्याने सुई बाजूला ठेवायला सांगितली. पुढे तो म्होरक्या झाला, म्हातारा झाला, त्याच्याकडेही शिष्य आले. पण रानात जाताना तो तीच घोंगडी पांघरी. थंडीच्या पहाटे त्या भोकातून मानेला वारा लागे, आणि तो मागे वळून पाहत असे.

आपली कला दाखवण्याची घाई झाली, की आपणही आपल्या मानेवरून एकदा हात फिरवून पाहावा.