धोंडाईचा ढीग

चपला काढू नका, मंडळी. पुजारी काढायला सांगेल, मी सांगणार नाही. हा समोरचा शेंदूर फासलेला दगडांचा ढीग म्हणजे आमची धोंडाई. देवीनं म्हणे एका पाटलाच्या स्वप्नात येऊन घरटी एक दगड मागितला, गावानं दिला, आणि तेव्हापासून गाव एकदिलानं नांदतं. ही पुजाऱ्याची गोष्ट.

माझ्या आजीनं सांगितलेलं वेगळं आहे. या ढिगाखाली विहीर आहे, भर वैशाखातही न आटणारी. वेशीबाहेरच्या वस्तीतली भिवरा रोज तिच्या काठापासून दहा पावलं लांब घागर घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. नाही आली तर दुपार व्हायची, आणि घरी पोरं कोरड्या घशानं वाट बघायची.

मग स्वराज्य आलं, पाठोपाठ कायदा आला. पाणवठा सगळ्यांचा. भिवरा स्वतःचा पोहरा घेऊन आली, पाणी शेंदलं आणि काठावर बसून ओंजळीनं प्याली. गावानं तिला अडवलं नाही. तेवढी हिंमत कुणात होती? दुसऱ्या दिवशी चावडीवर ठरलं, विहीर बुजवायची, घरटी एक दगड. म्हणजे उद्या फौजदार आला तरी कुणा एकाचं नाव निघायला नको.

एरवी एकमेकांच्या पंगतीला न बसणारे सगळे त्या दिवशी एका रांगेत आले. एका फेरीत विहीर भरेना, म्हणून रांग तीन दिवस फिरत राहिली म्हणे. भिवरा बाजूला उभी राहून एवढंच म्हणाली, "आवं, तुमच्या लेकरांनी काय प्यायचं आता?" दगड पडत राहिले. माझ्या आजोबांनी फुटक्या जात्याचा खालचा दगड टाकला. तो बघा, डाव्या अंगाला. त्याच्यावरच नारळ फोडतात.

पुढच्या उन्हाळ्यात अख्खं गाव दोन कोसांवरच्या ओढ्यात झरे उकरत बसलं. भिवराही तिथंच, त्याच झऱ्यावर. तिथं विटाळ मुकाट्यानं खपला. पण आपण काय केलं ते लेकरांना सांगणार कोण? मग पाटलाला स्वप्न पडलं.

आता वेस राहिली नाही. दोन्ही वस्त्यांची वर्गणी एक, जत्रा एक. आजही नवी सून गावात आली की तिच्या हातून इथं दगड टाकून घेतात, तेव्हा ती गावची होते. ढिगाच्या पायथ्याशी ओल झिरपते, ती तीर्थ म्हणून तिच्या तळहातावर देतात. गेल्या वैशाखात भिवराच्या पणतूची बायको आली होती. तिनं विचारलं, "हे कशापायी टाकायचं?" बायका म्हणाल्या, "आपल्या गावाची रीत हाय, टाक."

तिनं टाकला. मी इथंच उभा होतो. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.