रुक्माकाठ

“कॅपिटल आणि स्मॉल एकच मानायचं की वेगळं, एवढं एकदाच सांगून टाका, बाई!”

विश्वजितला बसवत नव्हतं. दोन वर्षं घाम गाळून त्याने इचलकरंजीच्या मागांसाठी नवी भाषा केली होती. साडीची नक्षी त्या भाषेत लिहायची आणि लिहिलेलं मागाला समजेल असं करून द्यायचं, हे त्याच्या कंपायलरचं काम. उद्या तो मागावर चढायचा होता. पण उरुणकर बाईंनी मान डोलावल्याशिवाय एकही कारखानदार त्याला हात लावणार नव्हता. जन्मभर कंपायलर लिहिलेल्या बाईंची मान काही डोलत नव्हती.

सकाळी बाईंनी नक्षी करणाऱ्या आक्काताईंना बोलावलं होतं. त्यांनी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत नक्षी लिहिली. एका ओळीच्या सुरुवातीला काठाचं नाव आलं, तर मोबाइलनेच पहिलं अक्षर कॅपिटल करून टाकलं. कंपायलर अडला. असा काठ आपल्याला माहीतच नाही म्हणाला.

“शिस्त पाहिजे,” विश्वजित म्हणाला. “एक अक्षर बदललं की नाव वेगळं.”

“आणि काठ? तोही बदलतो?” बाईंनी विचारलं.

तो तणतणत आतल्या खोलीत गेला. बाईंचं वय झालंय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तासाभराने बाहेर आला तो विजयी वीरासारखा.

“घ्या! आता आत येणारं प्रत्येक अक्षर मी आधी स्मॉल करतो. कसंही लिहा, कंपायलरला सगळं सारखंच.”

तोवर चार-पाच कारखानदार येऊन बसले होते. आक्काताईंनी नवी नक्षी लिहिली. सासूबाईंनी शिकवलेला काठ, म्हणून त्यांच्याच नावावरून रुक्माकाठ. त्यातली रुक्मा आणि काठ यांची पहिली अक्षरं त्यांनी मुद्दाम कॅपिटल घातली. धाग्यांची संख्या मात्र चुकली.

कंपायलरने चूक बरोबर पकडली. पडद्यावर चुकीपुढे काठाचं नाव उमटलं, सगळं स्मॉल.

आक्काताईंनी आपली नक्षी वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपली.

“ही चूक माझी न्हाई,” त्या म्हणाल्या. “असलं बारकं नाव मी लिवलंच न्हाई. सासूबाईंचं नाव मी असं लिवीन व्हय?”

“अहो, तेच नाव आहे ते! कंपायलरला दोन्ही एकच!”

“तुमच्या कंपायलरला असंल.” आक्काताईंनी मोबाइल पिशवीत टाकला आणि पदर खोचला.

विश्वजित बाईंकडे वळला. वेगळं मानलं तरी अडतं, एकच मानलं तरी अडतं. आता करायचं तरी काय? उद्या सकाळी माग सुरू होणार, आणि इथे आक्काताई पिशवी उचलून निघाल्या आहेत.

“बाई, काहीतरी बोला ना!”

बाई त्याच्या आळीतल्याच. त्याला लंगोटात पाहिलेल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला... आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

“ढब्बू, तांब्याभर पाणी आण रे.”

कारखानदार फिस्सकन हसले. आक्काताई दारातच थांबल्या. विश्वजितचे कान लालबुंद झाले. हे नाव आईशिवाय कुणी घेतल्याला पंधरा वर्षं झाली होती.

“बाई... चार लोकांत तरी...”

“का रे? ढब्बू काय नि विश्वजित काय, माणूस तोच ना?”