कढणबोडीचे पहिले पाणी

बोडी म्हणजे आमच्याकडचे लहान तळे. या बोडीच्या काठावर मोहाच्या झाडाखाली एक सपाट काळा दगड आहे. गावात कुणाकडे लाखोरीची डाळ करायची असली, की बाई ती आधी भरपूर पाण्यात उकळते, ते पाणी गाळून इथे आणून ओतते आणि मगच डाळ नव्या पाण्यात चढवते. पाहुण्यांनी कारण विचारले, तर गावातली देवकाबाई त्यांना दगडापासून जरा दूर बसवते आणि सांगू लागते.

फार पूर्वी, म्हणे, या मुलखावर पाऊस रुसला. बांध्यांमधले, म्हणजे भातखाचरांतले, धान करपले. भेगाळलेल्या मातीत तरारली ती एकटी लाखोरी. लोकांनी हात जोडले. सकाळी लाखोरीचे वरण, संध्याकाळीही लाखोरीचेच वरण, दुसरे काहीच नाही.

तेव्हा इथे भिवरा नावाची विधवा राहत होती. डोमा आणि मोडकू हे तिचे मुलगे, रेवता ही थोरल्या डोमाची बायको. एका सकाळी डोमा खाटेवरून उठला आणि पोटऱ्या दगडासारख्या झाल्या म्हणाला. हळूहळू त्याच्या टाचा जमिनीला लागेनात. चालताना गुडघ्यात गुडघा अडकू लागला.

"डोमा नाचून राहिला पाहा," पारावरचे लोक हसले. मग त्यांच्यातलेही काहीजण तसेच चालू लागले, आणि हसणे थांबले. पुढे डोमा काठीवर आला, आणि शेवटी जमिनीवर बसून सरपटू लागला.

आता भिवराला धाकट्याची भीती वाटू लागली. मोडकू अंगणातून गेला, की ती त्याच्या टाचा बघे. टाच टेकली, की ती पुन्हा कामाला लागे. पोरांच्या पायांत बळ यावे म्हणून डाळीवरचे दाट कढण, डाळीचा सगळा कस, ती त्या दोघांच्याच वाट्यांत ओती.

शेजारची चंद्रभागा एकदा कुंपणावरून म्हणाली, "भिवरा, नवरा सरपटून राहिला अन् रेवता कशी ताठ चालते वो? करणी घरातलीच असन."

भिवराने तिला झिडकारले, पण शब्द मनातून जाईना. आणि एका दुपारी मोडकू पाणी प्यायला उठला, तेव्हा त्याची टाच टेकली नाही.

तिने चुलीपाशी बसलेल्या सुनेचे मनगट धरले. "खरं सांग. तुहे पाय कसे शाबूत?"

रेवताने हांडीकडे बोट दाखवले. "मी काय करन, आत्याबाई? पोरं जेवल्यावर हांडीत जो चोथा उरते, तोच आपण दोघी खातो. कढण कवा आपल्या वाट्याले आलं?"

भिवराने खाली पाहिले. इतके दिवस ती दुसऱ्यांच्याच टाचा बघत होती. तिच्या स्वतःच्या दोन्ही टाचा जमिनीवर नीट टेकल्या होत्या.

असे सांगतात, की ती तशीच उठली, चुलीवरची हांडी उचलून बोडीवर आली आणि सारे कढण या दगडावर ओतले. दगडाजवळ तिने शपथ घेतली, की माझ्या घरात हे पाणी पुन्हा कुणाच्या ओठाला लागणार नाही. मग दोघी सासू-सुना रानात कंद खणत, मोहफुले वेचत हिंडल्या. मोडकू काठी टेकत का होईना, उभा राहिला. डोमा मात्र कधीच उठला नाही.

एकदा भिवरा कढणाची हांडी घेऊन बोडीकडे निघाली असता त्याने उंबऱ्यातून हाक मारली, म्हणे. "माय, मले आता कढण काऊन नाही देत? मी कामाचा नाही म्हणून काय?"

ती थांबली. हांडी घेऊन ती तशीच पुढे गेली.

आजही या दगडावर पाणी ओतायला निघालेली बाई वाटेत बोलत नाही. पोटच्या पोराने मागून हाक मारली, तरी ती ओ देत नाही.