सुईच्या टोकावरचा रेणू

फार दिवस झाले त्याला. एका प्रयोगशाळेतल्या गारेगार डब्यात एक सुई राहत होती. तिचं टोक इतकं बारीक, की सोन्याच्या पत्र्यावर बसलेले रेणू ती न शिवता वरूनच चाचपायची आणि एकेकाचा आकार अचूक सांगायची. त्याचा तिला भारी तोरा होता.

एके दिवशी एका चिमुकल्या रेणूने विचारलं, "सुईताई, माझ्या पोटात लोहचुंबक आहे. तुला दिसतो का?"

सुईला काहीच दिसेना. तसं सांगायची लाज वाटली, म्हणून ती हट्टाने खाली खाली वाकत गेली. शेवटी तो रेणू टपकन तिच्या टोकालाच चिकटला.

"अगं बाई! तुझी जागा घालवली मी," सुई रडवेली झाली. "खरं सांगते, मला चुंबकातलं काही कळत नाही रे."

"मला कळतं ना!" रेणू हसला. "मला असंच घेऊन त्या शेजाऱ्याकडे चल."

सुई हळूच सरकली. शेजारी जवळ येताच रेणू गुदगुल्या झाल्यासारखा थरथरला. "याच्याही पोटात चुंबक आहे!"

त्या दिवशी पत्र्यावरचे सगळे चुंबक सापडले. तेव्हापासून कुणी सुईचं कौतुक केलं, की ती म्हणते, "आम्ही दोघांनी शोधले."