केवड्याच्या अत्तराचा तिसरा सौदा

एका राज्यात सुकेतू नावाचा राजा होता. त्याच्या पेठेत माणसांपेक्षा पक्षी जास्त झाले होते. दुकानं उघडी, गाद्या रिकाम्या, आणि वळचणीला पोपट-मैना माणसांच्या आवाजात हुंदके देत. राजाने पहारे बसवले. पहारेकऱ्यांना कुणी दिसलं नाही.

त्या पेठेत नागावती केवड्याचं अत्तर गाळून विकी. एके दिवशी तिच्या उंबऱ्याशी एक उंच पुरुष आला. उतरत्या उन्हात त्याची सावली पडली नव्हती.

“अत्तर हवं का, पाहुणे?”

“अत्तर नको. ते ज्यात गाळतेस ती डेग दे.”

त्याने सोन्याने भरलेली घागर ठेवली. जन्मभर अत्तर विकून एवढं मिळालं नसतं. तिने डेग दिली. दुसऱ्या दिवशी त्याने तशाच घागरीला तिचं केवड्याचं बन मागितलं. डेगच नाही तर बन कशाला, म्हणून तिने तेही दिलं. त्या संध्याकाळी तिच्या मनगटावर हिरवं पीस उगवलं. उपटलं, तर रक्त आलं.

वळचणीचा पोपट बोलला, “बाई, मी मल्हप्पा तेली. घाणा विकला, बैल विकले, तिसऱ्यांदा हातांतलं बळ विकलं, आणि हा असा पोपट झालो.”

“पण मला तर नफा झाला!”

“नफा नव्हे. माल विकून उरतो तो नफा. तो उद्याही येतो. तुम्ही माल जिथून येतो तेच विकलंत. तो नुसता लाभ, एकदाच होणारा. आता ऐका. तिसऱ्या सौद्यात विकणारा जे पुढे करील ते त्या बिनसावलीच्या मांत्रिकाला घ्यावंच लागतं. साधा माल घ्यावा लागला, तर त्याची विद्या सरेल. आमच्यापाशी माल उरलाच नव्हता.”

नागावतीने घर धुंडाळलं. अत्तराची एकच कुपी सापडली, तीही अर्धी.

तिसऱ्या दिवशी तो आला. “तुझं वास घेणं दे. दुकानभर सोनं देतो.”

भिंती सोन्याने झळाळू लागल्या. ‘हो’ म्हणायला जीभ वळली. घशात पिसं दाटली. तरी तिने कुपी पुढे केली.

“ही घ्या. खर्च सहा मोहरा, माझा नफा एक. सात द्या.”

“एका मोहरेसाठी दुकानभर सोनं सोडतेस?”

“उद्या आणखी एक मिळवीन.”

तो किंचाळला, पण त्याची बोटं कुपीवर मिटली. केवड्याचा वास दरवळला आणि मांत्रिक आपल्या सोन्यासकट धुरासारखा विरून गेला. पेठभर पंख गळाले, पक्ष्यांची पुन्हा माणसं झाली. मल्हप्पा आपल्या तळव्यांकडे बघत कितीतरी वेळ रडला.

ज्याचं त्याला परत मिळालं. बन मात्र करपून गेलं होतं. नागावतीने नवी रोपं लावली, आणि ती फुलेपर्यंत मल्हप्पाच्या दुकानी तेल मोजलं. पहिल्या अत्तराला गिऱ्हाईक म्हणून खुद्द सुकेतू राजा आला. त्याने भावात चांगली घासाघीस केली, आणि सारी पेठ हसली.